डोबरमनचा ग्राही, उंदराचा रेणू, माणसाच्या पेशी

जमिनीवर ओळीने खाऊचे तुकडे मांडलेले आहेत. डोबरमन जातीचा कुत्रा पहिल्या तुकड्याकडे धावतो आणि तोंड लावायच्या आतच त्याचे मागचे पाय लुळे पडतात. मग पुढचे. हनुवटी जमिनीला टेकते, डोळे मात्र टक्क उघडे असतात. थोड्या वेळाने तो उठतो, तुकडा खातो, पुढच्याकडे वळतो आणि पुन्हा कोसळतो. निरोगी कुत्र्याला ती ओळ फस्त करायला काही सेकंद पुरतात, याला मिनिटे लागतात. शेजारी बसलेला संशोधक दोनच गोष्टी टिपतो: कुत्रा किती वेळा पडला आणि खाणे संपायला किती वेळ लागला.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही साधीसुधी चाचणी वर्षानुवर्षे चालली. कुत्रा, उंदीर आणि माणूस यांच्या मेंदूतले एकच प्रथिन शेजारी शेजारी ठेवून पाहिले की हाती काय लागते आणि काय निसटते, याचे याहून चांगले प्रकरण मला माहीत नाही.

आजाराचे नाव नार्कोलेप्सी. हे नाव १८८० साली जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी दिले. साधारण दोन हजार माणसांमागे एकाला हा आजार असतो. दिवसा आवरता न येणारी झोप हे त्याचे मुख्य लक्षण. दुसरे लक्षण जास्त विचित्र आहे. जोराचे हसू आले, एखादा विनोद जमला, अचानक आनंद झाला की गुडघे गळतात, मान पडते, कधी माणूस जमिनीवर येतो. शुद्ध हरपत नाही. भोवतालचे सगळे ऐकू येत असते, फक्त हलता येत नाही. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. स्वप्ने पडतात त्या रेम झोपेत मेंदू स्नायूंना ब्रेक लावून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातली धावपळ अंथरुणातच केली असती. कॅटाप्लेक्सीत तोच ब्रेक जागेपणी लागतो.

माणूस विनोदाने पडतो, कुत्रा खाऊने आणि खेळाने. दोघांचा आजार एकच आहे का? असेल तर बिघाड कुठल्या प्रथिनात?

त्याआधी एक गोष्ट मोकळी करून टाकतो. ‘कुत्र्याचे अमुक प्रथिन माणसाशी इतके टक्के जुळते’ अशी वाक्ये लोकप्रिय विज्ञानलेखांत भरपूर सापडतात आणि त्यातून वाचकाला फारसे काही कळत नाही. अल्झायमरशी संबंधित अमायलॉइड बीटा घ्या. या ४२ अमिनो आम्लांच्या तुकड्यात कुत्रा आणि माणूस यांच्यात एकाही जागी फरक नाही. उंदीर आणि घुशी (म्हणजे प्रयोगशाळेतले मोठे उंदीर, इंग्रजीत रॅट) तीन जागी वेगळे आहेत: पाचव्या, दहाव्या आणि तेराव्या. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूत या प्रथिनाचे थर आपोआप साचतात. साध्या उंदरांत ते साचत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेत त्यांच्यात माणसाचे जनुक घालावे लागते. इथपर्यंत टक्केवारीचा हिशोब जमल्यासारखा वाटतो. पण अल्झायमरच्या रुग्णांत टाऊ या दुसऱ्या प्रथिनाच्या गाठी पेशींच्या आत दिसतात आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत तशा गाठी क्वचितच मिळतात. एक प्रथिन अक्षरश: सारखे असूनही आजार पुरता सारखा होत नाही. नार्कोलेप्सीत हाच धडा जास्त ठसठशीतपणे मिळतो.

कुत्र्यांतल्या नार्कोलेप्सीची पहिली वर्णने १९७०च्या दशकात आली. झोपेच्या अभ्यासातले मोठे नाव असलेल्या विल्यम डिमेंट यांनी असे कुत्रे स्टॅनफर्डला जमवायला सुरुवात केली. सुरुवातीला पूडल जातीचे आजारी कुत्रे आले. त्यांची पैदास केली तर पिल्ले निरोगी निघाली. पुढे डोबरमन आणि लॅब्राडोर कुटुंबे मिळाली आणि तिथे चित्र एकदम स्वच्छ होते. आजारी नर आणि आजारी मादी यांची सगळी पिल्ले आजारी. आजारी आणि निरोगी जोडीची पिल्ले निरोगी, पण दोष पुढे नेणारी. म्हणजे हा एकाच जनुकाचा अप्रभावी दोष होता, आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार करणारा. पूडलमध्ये मात्र आनुवंशिकता नव्हती. त्या वेळी ही विसंगती त्रासदायक वाटली असणार. तिच्याकडे परत यायचे आहे, म्हणून लक्षात ठेवा.

एमॅन्युएल मिन्यो हे फ्रेंच संशोधक १९८६ साली स्टॅनफर्डला आले आणि या जनुकाच्या मागे लागले. हे काम किती अवघड होते ते आज सहज जाणवत नाही. कुत्र्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला २००५ साली, ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा. त्याआधी कुत्र्याच्या गुणसूत्रांचा धड नकाशाही नव्हता. दोष पिल्लांत कुठल्या खुणांबरोबर उतरतो ते पिढ्यान् पिढ्या पाहायचे, मग त्या खुणेपासून डीएनएवर पाऊल पाऊल सरकायचे. हे सुमारे दशकभर चालले.

एक संशयित तर आधीच समोर उभा होता. १९८०च्या दशकात जपानमधल्या संशोधकांना दिसले होते की नार्कोलेप्सीच्या जवळपास सर्व रुग्णांत एचएलए या प्रतिकारयंत्रणेच्या जनुकसमूहाचा एक ठरावीक प्रकार असतो. ‘आपले’ आणि ‘परके’ यांची ओळख पटवणारी प्रथिने या समूहातून तयार होतात. मग कुत्र्यातही तिथेच पाहायला हवे होते. पाहिले, पण आजार त्या जनुकांबरोबर उतरतच नव्हता. माणसातला सगळ्यात भक्कम धागा कुत्र्यात तुटला. अशा वेळी ‘कुत्र्याचा आजार वेगळाच आहे, सोडून द्या’ असे म्हणणारे काही चुकले नसते.

अखेर दोष कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावर एका पट्ट्यात कोंडला गेला. तो पट्टा माणसाच्या सहाव्या गुणसूत्राच्या एका भागाशी जुळतो. तिथून पुढे माणसाचा नकाशा कामी आला: माणसात त्या जागी कोणकोणती जनुके बसली आहेत ते पाहायचे आणि एकेक कुत्र्यात तपासायचे. सस्तन प्राण्यांत जनुकांची शेजारपाजारची मांडणी बऱ्याच ठिकाणी टिकून राहिली आहे, त्याचा हा रोकडा फायदा. त्या यादीत एका ग्राहीचे जनुक होते. ग्राही म्हणजे पेशीच्या पडद्यात बसलेले, बाहेरचा रेणू आला की आत निरोप देणारे प्रथिन. हा ग्राही ज्या रेणूचा होता, तो रेणू जगाला ठाऊक होऊन जेमतेम वर्ष झाले होते.

१९९८ साली दोन गटांनी, एकमेकांना न सांगता, मेंदूतला तोच रेणू शोधला. एका गटाने त्याला हायपोक्रेटिन म्हटले, कारण तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात तयार होतो. दुसऱ्या गटाने, म्हणजे साकुराई आणि यानागिसावा यांच्या गटाने, भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ओरेक्सिन नाव दिले, कारण तो मेंदूत टोचल्यावर घुशी जास्त खात होत्या. दोन्ही नावे अजून चालतात आणि विद्यार्थ्यांच्या डोक्याला ताप होतो. मी इथे ओरेक्सिन म्हणतो.

या रेणूची प्राण्याप्राण्यांतली तुलना मुद्दाम सावकाश पाहण्यासारखी आहे. पेशी आधी एक लांब प्रथिन बनवते आणि मग त्याचे दोन कामाचे तुकडे कापून काढते: ओरेक्सिन ए आणि ओरेक्सिन बी. लांब प्रथिनात माणूस आणि घूस ८३ टक्के जुळतात. म्हणजे शंभरात सतरा जागी बदल, हा काही थोडाथोडका फरक नाही. पण ३३ अमिनो आम्लांचा ए तुकडा माणूस, उंदीर, घूस, गाय, डुक्कर आणि कुत्रा या सगळ्यांत तंतोतंत एक आहे. २८ अमिनो आम्लांच्या बी तुकड्यात माणूस आणि घूस यांच्यात दोनच फरक आहेत, दुसऱ्या आणि अठराव्या जागी. म्हणजे लांब प्रथिनातले बहुतेक सगळे बदल कापून टाकायच्या भागांत साठले आहेत. जो भाग ग्राहीला जाऊन बसायचा, त्याला उत्क्रांतीने हात लावू दिलेला नाही. सरासरी टक्केवारी नेमकी ही गोष्ट झाकून टाकते.

ग्राही दोन आहेत. पहिल्या ग्राहीला ए तुकडा जास्त मानवतो, दुसरा ग्राही दोन्ही तुकडे सारख्याच सहजतेने घेतो. माणूस आणि घूस यांच्यात हे दोन्ही ग्राही ९४-९५ टक्के जुळतात. आणि हा रेणू बनवणाऱ्या पेशी अगदी मूठभर आहेत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यांतल्या या लाखभरही नाहीत. पण त्यांचे तंतू जागेपण सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक केंद्रापर्यंत जातात.

ऑगस्ट १९९९ मध्ये स्टॅनफर्ड गटाने निष्कर्ष छापला. डोबरमनमध्ये दुसऱ्या ग्राहीचे जनुक बिघडलेले होते. २२६ अक्षरांचा, जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणारा एक तुकडा तिथे येऊन घुसला होता. जनुकात प्रथिनाचा मजकूर सलग नसतो, खंडाखंडांत असतो; पेशी जनुकाची आरएनए ही नक्कल काढते, मधले पट्टे कापून टाकते आणि खंड जोडते. गंमत अशी की तो तुकडा प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागात घुसलाच नव्हता. तो घुसला होता चौथ्या मजकूरखंडाच्या जरा आधी, मधल्या वगळल्या जाणाऱ्या पट्ट्यात. त्यामुळे पेशीची कातर गोंधळते आणि चौथा खंडच गाळून टाकते. उरलेले वाक्य निरर्थक होते. नुसता प्रथिनाचा मजकूर असलेला डीएनए कुत्र्याकुत्र्यांत जुळवून पाहिला असता तर काहीही सापडले नसते, एकूण एक अक्षर बरोबर निघाले असते. चूक दिसली ती कापून-जोडून तयार झालेल्या आरएनएमध्ये.

लॅब्राडोरमध्ये वेगळाच दोष निघाला: जोडाच्या जागी एकच अक्षर बदललेले आणि त्यामुळे सहावा खंड गळालेला. पुढे डॅक्सहुंड जातीत तिसरा दोष मिळाला. तिथे ग्राही पूर्ण लांबीचा बनतो, फक्त ५४ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते आणि ओरेक्सिन त्याला नीट चिकटतच नाही. तीन जाती, तीन स्वतंत्र अपघात आणि तिन्ही एकाच ग्राहीत. एका जातीवर शंका घेता आली असती, तिघांवर नाही.

त्याच महिन्यात, दोनच आठवड्यांनी, त्याच नियतकालिकात उंदीर आले. यानागिसावा यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेने ओरेक्सिनचे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. रेणूचे नाव भुकेवरून ठेवलेले, तेव्हा उंदीर कमी खातील अशी अपेक्षा. उंदीर रात्री जागे असतात, म्हणून खाणे-पिणे पाहायला अंधारात अवरक्त कॅमेरा लावला. चित्रीकरणात उंदीर इकडे तिकडे पळताना मधेच आडवे होत होते आणि थोड्या वेळाने काहीच न झाल्यासारखे उठत होते. आधी फेफऱ्याचा संशय आला. मेंदूचे विद्युत आलेख काढले तर फेफऱ्याची खूण नाही, पण जागेपणातून थेट रेम झोपेत गेल्यासारखे चित्र. दिवसाउजेडी पिंजऱ्याकडे पाहून भागवले असते तर हे कोणाला दिसले नसते.

कुत्र्यात ग्राही मोडलेला, उंदरात रेणू काढलेला, आणि परिणाम तोच. मग माणसाचे उत्तर उघडच वाटते: रुग्णांची ही तीन जनुके (रेणूचे एक, ग्राहींची दोन) वाचा, दोष सापडेल. तशी ती वाचली. जवळजवळ कोणातच दोष नव्हता. अपवाद एकच, अवघ्या सहा महिन्यांच्या वयात आजार सुरू झालेला एक रुग्ण. त्याच्या ओरेक्सिन जनुकात दोष होता. बाकी सगळ्यांची जनुके निरोगी माणसांसारखीच.

इथेच हे प्रकरण मला सर्वांत जास्त आवडते, कारण प्रश्न बदलावा लागला. ‘जनुकात काय लिहिले आहे’ हे सोडून ‘मेंदूत प्रत्यक्ष काय आहे’ हे पाहायची वेळ आली. २००० साली नऊ रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून मेंदूभोवतीचा द्रव काढून त्यात ओरेक्सिन मोजले. नऊपैकी सात जणांत ते मोजण्याइतकेही नव्हते. त्याच वर्षी मरणोत्तर मेंदूंची तपासणी झाली. ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी ८५ ते ९५ टक्के नाहीशा झालेल्या. त्यांच्यातच मिसळून राहणाऱ्या, दुसरा रेणू बनवणाऱ्या शेजारी पेशी मात्र शाबूत. कोणीतरी यादी हातात घेऊन निवडून मारल्यासारखा प्रकार.

आणि तो तुटलेला एचएलएचा धागा पुन्हा जुळला. माणसात जनुक ठीक आहे, ग्राही ठीक आहे, पेशीच मेल्या आहेत. बहुधा शरीराच्या स्वत:च्या प्रतिकारयंत्रणेनेच त्या मारल्या. एचएलएचा तो प्रकार असलेल्यांना धोका जास्त असण्याचे कारण त्यात बसते. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पँडेमरिक्स ही लस घेतलेल्या फिनलंड आणि स्वीडनमधल्या मुलांत नार्कोलेप्सीचे प्रमाण वाढले, तेव्हा या तर्काला बळ मिळाले. २०१८ साली रुग्णांच्या रक्तात ओरेक्सिनचे तुकडे ओळखणाऱ्या, प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशीही सापडल्या. लशीबद्दलच्या या वाक्याचा उपयोग लोक कसा करतात ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो: ही एका विशिष्ट लशीची, एका विशिष्ट जनुकप्रकाराच्या लोकांतली गोष्ट आहे.

आता त्या पूडलांकडे. म्हणजे अशा कुत्र्यांकडे, ज्यांना आजार आहे पण तो कुटुंबात चालत नाही. २००१ साली अशा तुरळक आजारी कुत्र्यांच्या द्रवात आणि मेंदूत ओरेक्सिन तपासले. ते नव्हते किंवा नगण्य होते, माणसांसारखेच. उलट आनुवंशिक आजार असलेल्या डोबरमनमध्ये ओरेक्सिनची पातळी अगदी व्यवस्थित होती. रेणू भरपूर, फक्त तो ऐकणारे कोणी नाही. म्हणजे माणसाचा आजार कुत्र्यात होताच, पण ज्या कुत्र्यांकडे आनुवंशिक नाही म्हणून जनुकशोधाच्या दृष्टीने पाठ फिरवली गेली त्यांच्यात. ‘कुत्रा’ आणि ‘माणूस’ अशी तुलना करणेच इथे ढोबळ ठरते. एकाच प्रजातीत दोन वेगळे बिघाड एकाच लक्षणापर्यंत पोचले होते.

उंदरांनीही पुढे एक खोडा घातला. दुसरा ग्राही मोडला की डोबरमन धडाधड कोसळतो. तोच ग्राही उंदरातून काढला तर उंदीर झोपाळू होतो, पण कॅटाप्लेक्सीचे झटके त्याला क्वचितच येतात. पूर्ण चित्र उमटायला रेणू तरी काढावा लागतो, नाहीतर दोन्ही ग्राही. पहिला ग्राही उंदरात बरेच सांभाळून घेतो, कुत्र्यात तेवढे घेत नाही. प्रथिनांचा क्रम इतका जुळत असूनही हे आधी सांगता आले नसते. प्रथिन कसे आहे याइतकेच ते कुठल्या पेशीवर किती आहे, आणि ते नसेल तेव्हा शेजारी कोण उभे राहते, हे महत्त्वाचे असते. क्रमांची तुलना त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

याचा उपयोग काय झाला? निदानासाठी एक आकडा मिळाला: मेंदूभोवतीच्या द्रवात ओरेक्सिन ए मिलिलिटरला ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर पहिल्या प्रकारची, म्हणजे ओरेक्सिनच्या अभावाने होणारी नार्कोलेप्सी धरतात. निद्रानाशावर उलट्या दिशेचे औषध आले. ओरेक्सिन जागे ठेवते तर त्याचे दोन्ही ग्राही बंद करा, झोप येईल. असे पहिले औषध, सुव्होरेक्संट, अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाले. मिन्यो आणि यानागिसावा यांना २०२३ सालचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला. स्टॅनफर्डमधला आजारी कुत्र्यांचा समूह त्याच्या खूप आधी बंद केला गेला आणि उरलेले कुत्रे घरोघरी दत्तक दिले गेले. एक कुत्रा मिन्यो यांच्याच घरी राहिला. मुद्दाम आजारी जन्माला घातलेल्या पिल्लांच्या त्या पिढ्यांचा हिशोब कसा करायचा, हे मला ठरवता आलेले नाही.

खुद्द नार्कोलेप्सीवरचे औषध मात्र रखडले. ओरेक्सिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून ते नुसते टोचून भागत नाही. मग असे छोटे रेणू शोधले गेले जे गोळीतून मेंदूपर्यंत पोचतील आणि ग्राहीला ओरेक्सिनसारखेच जागे करतील. नेम धरला तो दुसऱ्या ग्राहीवर, ज्याचे महत्त्व डोबरमनने दाखवून दिले होते त्यावरच. टॅक-९९४ या पहिल्या आशादायक औषधाच्या चाचण्या २०२१ साली यकृताला इजा होऊ लागल्याने थांबवाव्या लागल्या. त्यामागून आलेल्या ओव्हेपोरेक्स्टनने रुग्णांचे दिवसाचे जागेपण वाढवले आणि कॅटाप्लेक्सीचे झटके कमी केले, हे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. माणसात हे चालते कारण पेशी मेल्या तरी ग्राही जागच्या जागी वाट पाहत आहेत. रेणू काढलेल्या उंदरातही चालते, त्याच कारणाने.

स्टॅनफर्डच्या डोबरमनला हीच गोळी दिली तर काही होणार नाही. गोळी ज्या ग्राहीला शोधत जाते, तोच त्याच्याकडे नाही. तो ओळीतल्या पहिल्या तुकड्याशीच पुन्हा खाली बसेल.